विश्लेषण : नोबेल यांचे मृत्युपत्र पेपरात छापून आले, प्रेमपत्रे मात्र कुलुपात, असे का?

डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांचे १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतील सान रेमो येथे निधन झाले. महिनाभराच्या आतच त्यांचे मृत्युपत्र स्वीडनच्या वर्तमानपत्रांत झळकले.

नोबेल यांना प्रसिद्धीचे वावडे होते. १८३३ मध्ये स्टॉकहोममध्ये जन्म, वडिलांचे दिवाळे, रशियात शिक्षण. १८६४ मध्ये नायट्रोग्लिसरिनच्या स्फोटात धाकटा भाऊ एमिल गेला. तरी प्रयोग थांबले नाहीत. पुढे ३५५ पेटंट नावावर झाली. लग्न केले नाही.

२७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी वकिलाशिवाय, स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिले. तीन कोटी क्रोनरहून अधिक मालमत्तेचा बहुतांश भाग पुरस्कारांसाठी ठेवला, नातेवाइकांना तुलनेने किरकोळ वाटा. त्याच कागदावर जुन्या नोकराचा फ्रान्समधील पत्ता आहे, माळ्याला वर्षाला किती द्यायचे ते आहे. मृत्यूनंतर आपल्या शिरा कापून खात्री करावी आणि मगच दहन करावे, ही इच्छाही आहे. जिवंतपणी पुरले जाण्याची भीती कोण चारचौघांत सांगेल?

बातमी फुटताच गदारोळ झाला. शांतता पुरस्कार नॉर्वेच्या संसदेने नेमलेली समिती देणार, हे स्वीडनमध्ये अनेकांना झोंबले. काही पुतण्यांनी मृत्युपत्रालाच आव्हान दिले. ज्या संस्थांनी पुरस्कार द्यायचे, त्यांना आधी विचारलेलेही नव्हते. तरीही छापणे योग्यच होते. एवढा पैसा सार्वजनिक कामासाठी ठेवला असताना बंद दाराआड तडजोड झाली असती, तर लोकांना पत्ताही लागला नसता.

पत्रांची गोष्ट वेगळी. व्हिएन्नाच्या सोफी हेस यांच्याशी नोबेल यांचे दीर्घकाळ संबंध होते. मृत्युपत्रात त्यांना वर्षाला ६,००० फ्लोरिन होते. तेवढ्यावर समाधान न झाल्याने नोबेल यांची पत्रे छापण्याची भीती घालण्यात आली. पाकिटांवर नोबेल त्यांना आपलेच आडनाव लावत, त्यामुळे पत्नी म्हणून दावा होण्याचाही धोका होता. व्यवस्थापक रॅग्नार सोलमन तेव्हा विशीतले इंजिनीअर. कायद्याचा अनुभव शून्य. पैसे मोजून २०० हून अधिक पत्रे विकत घेतली गेली आणि कपाटात गेली.

वारसांशी १८९८ मध्ये समझोता झाला, १९०१ मध्ये पहिले पुरस्कार दिले गेले. पत्रे मात्र अनेक दशके बंदच राहिली. सोलमन यांच्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या, तेव्हा हा व्यवहार लोकांना कळला. पत्रव्यवहार २०१७ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आला. त्यात सोफी यांनी नोबेल यांना लिहिलेली पत्रेही आहेत. ती छापावीत का, हे विचारायला तोवर दोघांपैकी कोणीच नव्हते.