संततिनियमनाचे एकाकी पुरस्कर्ते र. धों. कर्वे

नवी दिल्ली, १४ ऑक्टोबर : दिल्लीतील सरोजिनी नगर असो वा महाराष्ट्रातील एखादे तालुक्याचे गाव, औषधांच्या दुकानात आज कंडोम सहज मिळतो. शंभर वर्षांपूर्वी संततिनियमनाचा जाहीर उच्चारही अश्लील ठरत असे. त्या काळात या विषयासाठी आयुष्य वेचणारे प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा आज स्मृतिदिन.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म १४ जानेवारी १८८२ चा. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आई राधाबाई यांचे प्रसूतीच्या वेळी निधन झाले. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. देशातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते.

या प्रचाराची किंमत लवकरच मोजावी लागली. विल्सन महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाला त्यांचे कार्य मान्य नव्हते आणि १९२५ मध्ये कर्वे यांनी प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. लैंगिक आरोग्याविषयी वाचकांच्या प्रश्नांना ते त्यात निःसंकोच उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच. पत्नी मालतीबाई यांची मात्र त्यांना साथ होती. या दांपत्याने स्वतःला अपत्य होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता.

नको असलेले गर्भारपण स्त्रीवर लादले जाऊ नये, हा कर्वे यांच्या विचारांचा गाभा होता. साधने हाती आली तरी हा प्रश्न संपत नाही. कंडोम फाटतो, निसटतो किंवा वेळेवर वापरला जात नाही. काटेकोर वापर झाल्यास वर्षभरात शंभरपैकी सुमारे दोन स्त्रियांना गर्भधारणा होते. प्रत्यक्षातील वापरात हे प्रमाण सुमारे १३ असते. अशा वेळी ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी घेता येते.

भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे यांचे निधन झाले आणि ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरल्यास विवाहित स्त्रीला गर्भपाताची मुभा देणारा कायदा १९७१ मध्ये आला. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातील विवाहाची अट काढून टाकली. ज्या विषयासाठी कर्वे यांनी नोकरी गमावली आणि दंड भरला, तो आज देशाच्या कायद्यात नोंदला गेला आहे.