माळावरचे गुरुजी

इ. स. १९१५ च्या ऑक्टोबर महिन्याची ११ तारीख. युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला होता. त्या दिवशी दक्षिण फ्रान्समधील सेरीन्याँ नावाच्या लहानशा खेड्यात एक्याण्णव वर्षांच्या एका वृद्धाने देह ठेवला. रुंद काठाची काळी टोपी घालून रानोमाळ हिंडणारे आणि एखाद्या बिळाशी तासन्‌तास बसून राहणारे हे गृहस्थ म्हणजे जाँ आंरी फाब्र. कीटकांच्या जीवनाचे अभ्यासक म्हणून त्यांची कीर्ती दूरदूर पसरली होती; परंतु त्यांचा पिंड होता शिक्षकाचा.

फाब्र यांचा जन्म १८२३ च्या डिसेंबर महिन्यात सँ-लेऑन या डोंगराळ प्रदेशातील खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. त्यामुळे लहानग्या आंरीला काही वर्षे आजी-आजोबांकडे शेतावरील घरी राहावे लागले. तेथे एके दिवशी त्याला प्रश्न पडला, की हा लखलखीत सूर्य आपल्याला तोंडाने दिसतो की डोळ्यांनी? त्याने तोंड उघडून डोळे मिटले. सूर्य नाहीसा झाला. मग तोंड मिटून डोळे उघडले. सूर्य पुन्हा दिसू लागला. आपण डोळ्यांनी पाहतो, हे सत्य त्याने स्वतःच पडताळून घेतले. घरची मंडळी त्याच्या भोळेपणाला हसली; पण ऐकीव गोष्टीवर विसंबून न राहण्याची ही सवय त्याला जन्मभर पुरली.

पुढे वडिलांचा धंदा बुडाला आणि कुटुंबाची पांगापांग झाली. आंरीने जत्रेत लिंबे विकली, मजुरी केली. पण पुस्तक सोडले नाही. आव्हिन्याँ येथील अध्यापक विद्यालयाची शिष्यवृत्ती त्याने परीक्षा देऊन मिळवली आणि १८४२ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, तो कार्पांत्रा गावी शिक्षक झाला. पगार होता वर्षाला सातशे फ्रँक.

तेथील वर्ग म्हणजे एक कोंदट, अंधारी खोली होती. फाब्र यांना मुलांना जमिनीची मोजणी शिकवायची होती. ती भिंतीआड कशी शिकवणार? म्हणून वसंत ऋतूत आठवड्यातून एकदा ते मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर जाऊ लागले. तेथे एक नवल त्यांच्या ध्यानात आले. दूरवर खुंटी रोवायला धाडलेला मुलगा वाटेत थांबे, खाली वाके, काही शोधी आणि खुंटी विसरून जाई. दुसराही तसाच. चौकशी करता उलगडा झाला. माळावरील धोंड्यांवर काळ्या रंगाच्या मोठ्या रानमाश्या मातीची घरटी बांधत असत. मुले ती घरटी उकलून गवताच्या काडीने आतला मध चोखत होती. दुसरा एखादा शिक्षक छडी उगारता. फाब्र मात्र मुलांच्या शेजारी बसले आणि त्यांनीही त्या मधाची चव घेतली. मोजणीचा पाठ थोडा लांबला, पण शिक्षकालाच एक नवा पाठ मिळाला. या गवंडी माशीची माहिती देणारा एक सचित्र ग्रंथ दुकानात होता. त्याची किंमत फाब्र यांच्या महिन्याभराच्या पगाराइतकी होती. घरच्या ओढगस्तीतही त्यांनी तो विकत घेतला.

याच काळात शाळेचे काम सांभाळून, कोणाही गुरूवाचून, त्यांनी गणित व पदार्थविज्ञान या विषयांच्या पदव्या मिळवल्या. काही वर्षे कोर्सिका बेटावर शिकवल्यानंतर १८५३ साली ते आव्हिन्याँच्या शाळेत आले. सुट्टी मिळताच ते रानवाटा तुडवू लागत. सुमारे १,९०० मीटर उंचीचा व्हाँतू पर्वत त्यांनी वनस्पतींच्या शोधात वीसहून अधिक वेळा पायांखाली घातला. एकदा तर पाऊस व धुके यांत सोबत्यांसह त्यांची वाट चुकली. तेव्हा वारा व पाऊस अंगाच्या कोणत्या बाजूस लागत होता हे आठवून आणि पायांखालची झाडे हातांनी चाचपून त्यांनी उतरणीची दिशा शोधून काढली.

त्यांच्या निरीक्षणाची कसोटी लवकरच लागली. एका जातीची गांधीलमाशी आपल्या पिलांसाठी भुंगेरे पकडून बिळात साठवते. हे भुंगेरे बरेच दिवस कुजत नाहीत. ते मेलेले असतात, पण माशीच्या विषामुळे टिकून राहतात, असे एका नामांकित पंडिताचे मत होते. फाब्र यांनी बिळांपाशी दिवसचे दिवस घालवले आणि १८५५ साली दाखवून दिले, की भुंगेरे मेलेले नसून जिवंतच असतात. माशीची नांगी नेमकी त्यांच्या मज्जाकेंद्रात शिरते, त्यामुळे ते लुळे पडतात. डार्विनसारख्या शास्त्रज्ञानेही या निरीक्षकाचा आपल्या ग्रंथात गौरवाने उल्लेख केला. डार्विनचा उत्क्रांतिवाद मात्र फाब्र यांना कधीच पटला नाही. त्या बाबतीत पुढील संशोधनाने डार्विनच्याच बाजूने कौल दिला. पण मतभेद असूनही दोघांत पत्रव्यवहार होता.

त्या काळी फ्रान्समध्ये मुलींना वरच्या शिक्षणाची दारे जवळजवळ बंदच होती. शिक्षणमंत्री व्हिक्टर द्यूरी यांनी १८६७ साली मुलींसाठी वर्ग काढण्यास उत्तेजन दिले. फाब्र यांनी हे काम आनंदाने पत्करले. हवा म्हणजे काय, वीज कशी चमकते, फुलापासून फळ कसे होते, हे ते मुलींना समजावून सांगू लागले. पण फुलांतील फलनाची क्रिया मुलींना सांगणे जुन्या विचारांच्या लोकांना खपले नाही. १८६८ साली ज्यांना पॅरिसला नेऊन सम्राटाकडून सन्मान देण्यात आला होता, त्याच शिक्षकाविरुद्ध गावात काहूर उठले. घरमालकिणींनी महिन्याभरात घर रिकामे करण्याची नोटीस बजावली. अखेर १८७० साली बायकामुलांसह फाब्र यांना आव्हिन्याँ सोडावे लागले. हाताशी पैसा नव्हता. त्यांचे स्नेही, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल, यांनी त्यांना तीन हजार फ्रँक उसने दिले. फाब्र यांनी ते पुढे पै न पै फेडले.

वर्ग सुटला, पण शिकवणे सुटले नाही. फाब्र यांनी आता मुलांसाठी विज्ञानाची सोपी पुस्तके लिहून चरितार्थ चालवला. असा पैसा जोडून १८७९ साली त्यांनी सेरीन्याँ येथे एक पडीक, खडकाळ माळरान विकत घेतले. काट्याकुट्यांनी भरलेल्या, शेतीला निरुपयोगी अशा जमिनीला तिकडे आर्मास म्हणतात. जेथे पीक येत नव्हते, तेथे माश्या, मुंग्या व भुंगेरे मात्र विपुल होते. याच ठिकाणी त्यांनी कीटकांविषयीचा आपला ग्रंथ लिहीत नेला. त्याचे दहा खंड १९०७ पर्यंत पूर्ण झाले. ते त्यांनी क्लिष्ट परिभाषेत न लिहिता सर्वांना कळेल अशा भाषेत लिहिले. पंडितांनी नाके मुरडली, तरी त्यांनी ती भाषा बदलली नाही. कारण ते ग्रंथ लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे मुलेही होती.

फाब्र यांच्या मृत्यूनंतर ते घर व तो माळ फ्रान्स सरकारने विकत घेऊन जतन केला. ज्या शिक्षकाला एकदा वर्ग व घर दोन्ही सोडावे लागले, त्याचा माळच पुढे सर्वांसाठी खुली शाळा ठरला.