विश्लेषण : ऊर्जा मिळवण्यासाठी पेशीला आधी ऊर्जाच का लागते? हे गणित सोडवणारे ओटो मायरहोफ कोण होते?
१८८४ मध्ये हॅनोव्हरला जन्मलेल्या मायरहोफ यांनी बेडकाच्या स्नायूंत साखरेचं लॅक्टिक आम्ल कसं होतं, याचा हिशेब मांडला. त्यासाठी १९२२ चं नोबेल ए. व्ही. हिल यांच्यासोबत मिळालं. पुढे हायडेलबर्गमध्ये ग्लायकोलिसिसच्या अनेक पायऱ्या उलगडल्या.

पेशी एका ग्लुकोजमागे आधी २ एटीपी गुंतवते, मग ४ कमावते. बाइकच्या स्टार्टरसारखंच! एटीपी संपलं, तर साखर असूनही गाडी बंद. एटीपी साठलं, की एक विकर ब्रेक लावतं. पण हा ब्रेक फार कडक असेल तर पातळी स्थिर न राहता हेलकावे खाते, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवलं.

ज्यू असल्याने मायरहोफ यांना १९३८ मध्ये जर्मनी सोडावी लागली. आधी पॅरिस, तिथेही नाझी पोहोचल्यावर १९४० मध्ये स्पेनमार्गे अमेरिका. १९५१ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचं निधन झालं.