पिवळ्या गळ्याच्या चिमणीचा सवाल

घास समोर असताना थांबणे, ही रोजाची पहिली शिकवण. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या आयुष्याची वाटही अशाच एका थांबण्यातून फुटली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई-वडील लवकर गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवले. मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने सालिम चिमण्या टिपत. दहा-बारा वर्षांचे असताना टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? मुसलमानाला खायला चालेल का? मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. त्यांनी चिमणी ओळखली आणि संग्रहातले पक्षीही दाखवले. हलाल-हरामच्या सवालातून इल्मचे दार उघडले.

पुढे याच सालिमभाईंचे नाव राजस्थानातील भरतपूरच्या घना पाणथळीशी कायमचे जोडले गेले. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून बदके येतात, धोबी पक्षी चिखलात शेपटी हलवत फिरतात. हे संस्थानिकांचे शिकारीचे तळे होते. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत इथे ४,२७३ पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर तळ्याचे पाणी शेतीला वळवण्याची मागणी झाली, तेव्हा सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली. तळे वाचले.

तिथे त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम चालवले. पक्षी धरायला बिहारचे मीरशिकार बोलावले. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून पोट भरणारे हे लोक आता सोडून देण्यासाठी पक्षी पकडू लागले. कडी घातलेले काही पक्षी पुढे थेट सोव्हिएत भूमीत सापडले.

चूकही झाली. तळ्यात गुरे नकोत, असा त्यांचा आग्रह होता. १९८२ मध्ये चराईबंदी आली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. नंतर सोसायटीच्याच अभ्यासात दिसले, की म्हशी नसल्याने गवत माजून पाणी झाकले जाते आणि पक्षी घटतात. स्वतःला न पटणारे निष्कर्षही मांडणारी संस्था, हाही त्यांचाच वारसा.

२० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. कर्मकांडात ते रमणारे नव्हते. त्यांना उगाच मौलवी ठरवू नये. पण सृष्टी ही आपली मालमत्ता नसून अल्लाहची अमानत आहे, असे आपण मानतो. अमानत सांभाळताना गरीब शेजाऱ्याचा हक्क विसरू नये, हेही भरतपूर शिकवते. आज इफ्तारनंतर छतावर पाण्याचे एक भांडे ठेवू या. पहाटे सहरीनंतर पहिली चिमणी तिथे येईल.