मेरी लायन : एका महाविद्यालयाची जन्मकथा

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत मुलांसाठी अनेक महाविद्यालये होती. मुलींसाठी मात्र एकही नव्हते. सधन घरांतील मुलींसाठी काही खासगी विद्यालये चालत, परंतु त्यांची फी शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या मुलीला परवडणारी नव्हती. ही उणीव दूर करण्यासाठी जिने आपले आयुष्य वेचले, ती शिक्षिका म्हणजे मेरी लायन.

मेरीचा जन्म २८ फेब्रुवारी १७९७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बकलंड या डोंगराळ गावी झाला. ती पाच वर्षांची असतानाच तिच्या वडिलांचे निधन झाले आणि शेताचा व मुलांचा भार आईवर पडला. मेरी तेरा वर्षांची झाली तेव्हा आईने पुनर्विवाह केला व ती दुसऱ्या गावी गेली. मेरी भावाचे घर सांभाळण्यासाठी मागे राहिली. स्वयंपाक, धुणे, सूतकताई यांत दिवस जाऊ लागले आणि तिचे शिक्षण खंडित झाले. या कामाबद्दल भाऊ तिला आठवड्याला एक डॉलर देई. तो पैसा ती पुढील शिक्षणासाठी साठवून ठेवी.

१८१४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिला गावच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली. वेतन आठवड्याला ७५ सेंट. पुरुष शिक्षकांच्या मानाने ते फारच थोडे होते. शिकवता शिकवता आपल्या ज्ञानातील उणिवा तिला जाणवू लागल्या. म्हणून विसाव्या वर्षी ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. काही महिने नोकरी करावी, पैसे साठवावे आणि ते शिक्षणावर खर्च करावे, असा तिचा क्रम अनेक वर्षे चालला. १८२१ मध्ये बायफील्ड येथे जोसेफ इमर्सन हे गुरू तिला लाभले. स्त्रियांची बुद्धी पुरुषांच्या तोडीची आहे, अशी त्यांची धारणा होती आणि ते तसेच शिकवीत.

पुढे मेरी लायन यांनी इप्सविच येथील मुलींच्या विद्यालयात काम केले. अशा विद्यालयांना स्थायी निधी नसे. चालविणारी व्यक्ती थकली, की विद्यालयही बंद पडे. हे पाहून, लोकवर्गणीतून उभी राहणारी आणि विश्वस्तांच्या हाती सोपविलेली, संस्थापकाच्या पश्चातही टिकणारी संस्था काढण्याचा निश्चय त्यांनी केला.

१८३४ पासून मेरी लायन हिरव्या मखमली पिशवीत वर्गणी गोळा करीत गावोगाव फिरल्या. एकट्या स्त्रीने असे हिंडणे अनेकांना अनुचित वाटले, टीका झाली. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. श्रीमंतांच्या मोठ्या देणग्यांइतकेच मोल त्यांना शेतकरी स्त्रियांनी दिलेल्या चार पैशांचे होते. १८३७ मध्ये देशावर मोठे आर्थिक संकट कोसळले, तरी काम थांबले नाही. ८ नोव्हेंबर १८३७ रोजी साउथ हॅडली येथे ८० विद्यार्थिनींसह माउंट होल्योक विद्यालय सुरू झाले. तेव्हा इमारतीचे कामही पुरते आटोपले नव्हते.

शिक्षण, निवास व भोजन मिळून वर्षाची फी केवळ ६० डॉलर होती. खर्च आटोक्यात राहावा म्हणून प्रत्येक विद्यार्थिनी रोज सुमारे तासभर स्वयंपाक, सफाई अशी कामे करी. घरकाम शिकविणे हा यामागील हेतू नव्हता. गरीब मुलीलाही प्रवेश परवडावा, एवढ्यासाठीच ही योजना होती. अभ्यास मात्र कसून घेतला जाई. प्रवेशासाठी परीक्षा असे. गणित आणि विज्ञान हे विषय सक्तीचे होते. रसायनशास्त्र मेरी लायन स्वतः शिकवीत व विद्यार्थिनींकडून प्रयोग करवून घेत. व्यायामाकडेही लक्ष दिले जाई. स्वतःसाठी मेरी लायन वर्षाला अवघे २०० डॉलर वेतन घेत.

बारा वर्षे त्यांनी या संस्थेची धुरा वाहिली. एका आजारी विद्यार्थिनीच्या सेवेनंतर त्यांनाही संसर्गजन्य रोगाने गाठले आणि ५ मार्च १८४९ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. विद्यालयाच्या आवारातच त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या मृत्यूनंतर संस्था बंद पडली नाही. १८८८ मध्ये तिला पदवी देण्याचा अधिकार मिळाला आणि १८९३ मध्ये ती माउंट होल्योक महाविद्यालय या नावाने ओळखली जाऊ लागली. १८९६ च्या आगीत मुख्य इमारत भस्मसात झाली, तरी महाविद्यालय पुन्हा उभे राहिले. कवयित्री एमिली डिकिन्सन यांनी १८४७-४८ मध्ये येथे अध्ययन केले होते. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिल्या महिला मंत्री फ्रान्सिस पर्किन्स १९०२ मध्ये येथूनच पदवीधर झाल्या. नवजात बालकाच्या प्रकृतीची जन्मतःच तपासणी करण्याची पद्धत शोधून काढणाऱ्या डॉक्टर व्हर्जिनिया ॲपगार याही येथील विद्यार्थिनी. तेराव्या वर्षी जिची शाळा सुटली होती, त्या मुलीने इतर मुलींसाठी विद्येचे दार कायमचे उघडे करून ठेवले.