एक्स्प्लेनर : सोलापूरचा २७ वर्षांचा डॉक्टर चीनला गेला आणि परतलाच नाही, कोण होते डॉ. द्वारकानाथ कोटणीस?

नीटचा निकाल लागला की जळगाव आणि धुळ्यात चौकाचौकात बॅनर लागतात. परदेशात एमबीबीएस, कमी फी, प्रवेश निश्चित. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान यांच्यासोबत त्या यादीत चीनचं नावही असायचं. कोरोनापूर्वी चीनमध्ये सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्यात सर्वाधिक मेडिकलचे होते. २०२० मध्ये सुट्टीसाठी घरी आलेले अनेक जण २०२२ च्या उत्तरार्धापर्यंत इथेच अडकून पडले, ऑनलाइन लेक्चर बघत. आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीत असं एखादं घर असेल.

मेडिकलसाठी चीनला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो : भाषेचं काय? दुसरा : तिकडचं जेवण जमेल का? आणि तिसरा, जो आई विचारते : परत कधी येशील?

हे तिन्ही प्रश्न ८० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी एका मराठी घरात विचारले गेले असणार. फरक इतकाच, की तो मुलगा शिकायला नव्हे, काम करायला गेला होता. पगारासाठी तर नाहीच. आणि तो गेला तेव्हा तिथे युद्ध सुरू होतं.

सोलापूर ते मुंबई

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. दोन भाऊ, पाच बहिणी असं मोठं कुटुंब. सोलापूर म्हणजे तेव्हा कापड गिरण्यांचं गाव आणि स्वातंत्र्य चळवळीतलं तापलेलं शहर. मे १९३० मध्ये इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिली. तेव्हा कोटणीस २० वर्षांचे होते.

पुढे ते मुंबईला गेले आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले. हेच आजचं केईएम रुग्णालयाचं कॉलेज. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी सुरू होती. सरळ रेषेत गेलं असतं, तर सोलापुरात किंवा मुंबईत एक चांगला सर्जन म्हणून नाव झालं असतं आणि आज हा लेख लिहावा लागला नसता.

चीनला डॉक्टर पाठवायची कल्पना कुठून आली?

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनकडे जखमी सैनिक प्रचंड आणि प्रशिक्षित डॉक्टर अगदी मोजके. आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधांची मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी लोकांना आवाहन केलं, २२ हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका उभी राहिली.

इथे खान्देशचा एक धागा आहे. त्याच्या दीडच वर्ष आधी, डिसेंबर १९३६ मध्ये, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला झालं होतं. अध्यक्ष नेहरू. त्या व्यासपीठावरून त्यांनी शेतकऱ्यांचे प्रश्न मांडलेच, पण बोलणं स्पेनमधल्या यादवी युद्धापर्यंत गेलं होतं. यावल-रावेरच्या शेतकऱ्यांसमोर स्पेन! आज ऐकायला नवल वाटतं. मात्र स्वतः पारतंत्र्यात असलेला देश दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवतो, हा निर्णय समजून घ्यायचा तर तेव्हाचं हे वातावरण लक्षात घ्यावं लागतं.

पाच जणांची टीम

प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. ते स्पेनच्या युद्धात काम करून आलेले. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर, म्हणजे टीममधला दुसरा मराठी माणूस, वयाने कोटणीसांपेक्षा बराच मोठा. कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि पाचवे कोटणीस, वय २७.

१ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोटीने हे पथक मुंबईहून निघालं. ठरलं होतं साधारण वर्षभराचं. आजच्या भाषेत सांगायचं तर एक वर्षाची असाइनमेंट.

नकाशा उघडा आणि हा मार्ग बघा

फोनवर मॅप असेल तर उघडाच. पहिलं शहर ग्वांगझू, तेव्हाचं कँटन. आपल्याकडचे व्यापारी आज ज्या कँटन फेअरला जातात, तेच. १७ सप्टेंबरला पथक तिथे उतरलं. सन यत सेन यांच्या पत्नी सूंग चिंगलिंग स्वागताला होत्या. तिथून उत्तरेला चांगशा आणि मग हँकाऊ, म्हणजे आजच्या वुहानचा भाग.

त्यानंतर काय झालं बघा. २१ ऑक्टोबरला कँटन जपान्यांच्या हाती पडलं. आणखी काही दिवसांत वुहानही गेलं. म्हणजे हे पाच जण ज्या शहरातून जात होते, ते शहर काही आठवड्यांत शत्रूच्या ताब्यात जात होतं. परतीचा रस्ता पाठीमागे बंद होत होता. यांगत्से नदीच्या काठाने यीचांग आणि पुढे नदीच्या घळींमधून थेट चुंगकिंग. ही चीनची युद्धकाळातली राजधानी.

चुंगकिंगला त्यांना थांबावं लागलं. पथकाला जायचं होतं आठव्या रूट आर्मीकडे, म्हणजे कम्युनिस्टांच्या भागात. च्यांग कै-शेक यांचं सरकार त्याला फारसं राजी नव्हतं. जपानविरुद्ध दोघे एकत्र होते, तरी आतून एकमेकांवर विश्वास नव्हता.

याच मुक्कामात कोटणीसांना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी मिळाली. घरी जायचं कारण होतं आणि कोणी अडवलंही नसतं. ते गेले नाहीत.

हा निर्णय बरोबर होता का, हे आपण इथे बसून कसं ठरवणार? मी त्यांच्याच वयाचा आहे. पुण्यात नोकरी करणारे माझे मित्र घरी कोणाला ताप आला तरी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जळगाव गाठतात. त्यामुळे चरित्रातल्या या एका ओळीवर मी बराच वेळ थांबलो. सोलापुरातल्या आईने ही गोष्ट कशी घेतली असेल?

जानेवारी १९३९ मध्ये परवानगी मिळाली. शीआनमार्गे १२ फेब्रुवारी १९३९ ला पथक यानानला पोहोचलं. पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा, त्यातच घरं आणि त्यातच दवाखाने. माओ त्से-तुंग तिथेच होते आणि त्यांनी पथकाची भेट घेतली. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना शेवटी 'हुआ' जोडलेलं होतं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ.

जेवण आणि भाषा

उत्तर चीनमधल्या सैन्याचं मुख्य अन्न होतं राळा. होय, आपल्याकडे जुन्या पिढीने शेतात पाहिलेलं तेच भरड धान्य. चिनी भाषेत त्याला म्हणतात श्याओमी. हा लेख कदाचित तुम्ही त्याच नावाच्या कंपनीच्या फोनवर वाचत असाल.

भाषेच्या बाबतीत कोटणीस टीममध्ये वेगळे ठरले. ते चिनी बोलायला शिकले, वाचायला-लिहायला शिकले आणि पुढे मेडिकल स्कूलमध्ये चिनी भाषेतून शिकवू लागले. शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहायला घेतलं. दुभाष्या ठेवून काम भागलं असतं. पण जखमी माणूस दुखतं कुठे हे सांगताना मधे तिसरा माणूस नको, ही कोणत्याही डॉक्टरला पटणारी गोष्ट आहे. परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांनाही हेच कळतं, पण वॉर्डात गेल्यावर. वर्ग इंग्रजीत होतात, पेशंट मात्र इंग्रजी बोलत नाही.

आघाडीवर

एकेक जण परतू लागले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच भारतात आले. उरलेले तिघे नोव्हेंबरमध्ये आघाडीकडे निघाले आणि वर्षअखेरीस चू तेह यांच्या मुख्यालयात पोहोचले. पुढे आजारपणामुळे अटलही परतले. कोटणीस आणि बसू मात्र आणखी उत्तरेला, हपेई आणि शान्शीच्या सीमेवरच्या डोंगरी भागात गेले. वाटेत जपानी पहाऱ्यातला रेल्वेमार्ग ओलांडावा लागत होता.

सैन्यच सतत जागा बदलत होतं, त्यामुळे रुग्णालयाला पक्की इमारत अशी नव्हतीच. गावातलं एखादं घर किंवा देऊळ हेच ऑपरेशन थिएटर, आणि जपानी तुकडी जवळ आली की सगळं आवरून डोंगरात. ऑगस्ट १९४० मध्ये चिनी सैन्याने 'शंभर रेजिमेंट'ची मोहीम सुरू केली. त्या काळातल्या एका लढाईत कोटणीसांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले आणि एका टप्प्यावर सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आहे.

याच भागात कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने 'बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय' उभं राहिलं आणि जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस त्याचे पहिले संचालक झाले. वय ३०.

लग्न, मुलगा आणि ९ डिसेंबर

बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख ग्वो चिंगलान यांच्याशी झाली होती. शान्शी प्रांतातल्या फनयांगच्या, मेडिकल स्कूलमध्ये परिचर्या शिकवणाऱ्या. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

कोटणीसांना मात्र अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी मागच्या सुरक्षित भागात जाण्याचा सल्ला दिला गेला, त्यांनी जागा सोडली नाही. जपानी वेढ्यामुळे औषधं मिळणं आधीच अवघड. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे लागोपाठ आलेल्या झटक्यांत त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

डॉ. बसू पुढच्या वर्षी भारतात परतले. नंतर ते पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ती पद्धत भारतात आणणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव अग्रभागी आहे.

मग आपल्याला ते माहीत कसे?

बऱ्याच जणांना सिनेमामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. शांताराम स्वतः कोटणीस झाले, जयश्री यांनी पत्नीची भूमिका केली. आजी-आजोबांना विचारा, त्यांना हे नाव आठवेल. नव्या पिढीला विचारलं तर मात्र बहुतेक जण फोन काढून सर्च करतात. मीही तेच केलं होतं.

चीनमध्ये परिस्थिती वेगळी आहे. शिजियाझुआंग शहरातल्या शहीद स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, बेथून यांचीही तिथेच. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. भारत-चीन संबंध ताणले गेले तरी चिनी नेते भारतात आले की मुंबईत कोटणीस कुटुंबाला भेटत. २००६ मध्ये हू जिंताव भेटले, २०१३ मध्ये ली खछ्यांग. सीमेवरची कटुता आणि या भेटी, दोन्ही एकाच वेळी सुरू होत्या. यात मुत्सद्देगिरीचा भाग आहे, हे कोणी नाकारत नाही. पण प्रत्येक वेळी त्यासाठी सोलापूरच्या या डॉक्टरचंच नाव निघतं, हेही खरं.

यिनहुआही वडिलांसारखा डॉक्टर व्हायला निघाला होता. मेडिकलचं शिक्षण पूर्ण होत आलं असतानाच १९६७ मध्ये, २४ व्या वर्षी तो गेला. ग्वो चिंगलान यांनी पुढे दुसरं लग्न केलं, तालियन शहरात राहिल्या आणि कोटणीस कुटुंबाला भेटायला अनेकदा भारतात येऊन गेल्या. २०१२ मध्ये सोलापुरात कोटणीसांच्या जन्मघरी स्मारक सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये, ९६ व्या वर्षी, तालियनमध्ये त्यांचं निधन झालं.