काळ्या यादीतला शेतकी मास्तर

आपल्या मेसमध्ये सध्या दोनच विषय चालतात. एक वरणातलं पाणी आणि दुसरा अमेरिकेचा व्हिसा. मीही जीआरईचं पुस्तक आणून ठेवलंय. बाबांना फोनवर सांगितलं, तर ते थोडा वेळ गप्पच राहिले. मग एवढंच विचारलं, की परत येशील ना? मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून आज अशा एका माणसाबद्दल लिहितोय, ज्याला परत यायचं होतं आणि येऊ दिलं जात नव्हतं.

माझं गाव जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. आमचं वऱ्हाड इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून ताब्यात घेतलं. निमित्त फौजेच्या थकलेल्या कर्जाचं, डोळा कापसावर. १८७० साली खामगावला रेल्वे आली, तीही कापसाच्या गाठी न्यायला. जानेफळला रेल्वे अजून नाही. आमचे पणजोबा बैलगाडीनं कापूस खामगावला न्यायचे, असं घरात सांगतात. परदेशाशी आमचा संबंध एवढाच, की माल इथून जायचा आणि भाव तिकडे ठरायचा.

वऱ्हाडाला लागूनच असलेल्या वर्ध्यात १८८४ साली पांडुरंग सदाशिव खानखोजे जन्मले. विद्यार्थी असतानाच क्रांतीचं वेड लागलं. विशीच्या आसपास घर सोडलं आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. तिथे मजुरी करून पोट भरलं, कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण घेतलं आणि शेतकीही शिकले. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणात जाऊन इंग्रजांविरुद्ध लढले. लढाई फसली, मायदेशाची वाट बंद झाली. पुढे जर्मनी वगैरे करत १९२४ साली ते मेक्सिकोत पोचले.

खरी गंमत इथून पुढे आहे. बंदुकीची वाट संपली म्हणून हा माणूस रडत बसला नाही, शिकलेली शेती कामाला आली. मेक्सिकोतही नुकतीच क्रांती होऊन गेली होती. चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी शाळेत ते प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या सुधारित जातींवर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांचं चित्र काढलं. पंगत बसली आहे आणि आपला वर्ध्याचा माणूस सगळ्यांना भाकरी वाटतोय!

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. खानखोज्यांनी परत यायचा अर्ज केला, तर तो आधी नामंजूर झाला. इंग्रज गेले होते, पण त्यांनी घातलेली बंदी कागदोपत्री तशीच होती! नंतर ती उठली, ते आले आणि पुढे नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी ते गेले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, भारतानं मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. ते बियाणं खानखोज्यांचं नव्हे, बोरलॉग यांच्या कामातून आलेलं. पण कापूस नुसता लुटून नेण्याचा संबंध कुठे आणि इकडून माणूस गेला, तिकडून बी आलं हा संबंध कुठे? २०२२ साली लोकसभा अध्यक्षांनी चापिंगोच्या विद्यापीठात खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. दोन देशांची मैत्री म्हणतात ती अशा माणसांच्या घामावर उभी असते.

मागच्या रविवारी ही सगळी गोष्ट बाबांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, की तो मका आपल्या रानात येईल का? परत येण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला मात्र तेच टोचत राहिलं. मला अडवायला कुठलीच काळी यादी नाही. अडवला तर मला माझा पगारच अडवेल.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी